सव्वापट गांधार

पाठचिकित्सेचा घटक शिकवताना एम.ए.च्या विद्यार्थ्यांना एक गोष्ट पटवून द्यावी लागते आणि ती सहजासहजी पटत नाही. ज्ञानेश्वरांच्या काळची मूळ पोथी आपल्यापैकी कुणीही पाहिलेली नाही. आपल्यापुढे आहेत त्या प्रती, प्रतींच्या प्रती आणि त्यांच्यातले पाठभेद. मुले मान डोलावतात, पण त्यांच्या मनात एक ‘खरी’ संहिता कुठेतरी शाबूत असते आणि संपादकाचे काम म्हणजे तिच्यावरची धूळ पुसणे, ही समजूत कायम राहते. मुद्रणाच्या काळात वाढलेल्या मनाला हजार प्रती तंतोतंत सारख्या असणे स्वाभाविक वाटते. प्रत करणारा लेखक हाही एक वाचक असतो आणि त्याच्या वाचनाचा अंश प्रतीत उतरतो, हे उदाहरणावाचून उमगत नाही.

असे एक उदाहरण मला अलीकडे अगदी निराळ्या क्षेत्रात मिळाले: १९८०च्या दशकातील घरगुती संगणकांच्या ध्वनिचिपसाठी रचलेले संगीत. मी तंत्रज्ञ नाही आणि संगीतातली जाणकारही नाही. या विषयाकडे मी वळले ती घरातल्या एका जुन्या कॅसेटमुळे; तिची हकिकत पुढे येईलच. मात्र त्याआधी हे संगीत कसे ‘लिहिले’ जाई ते थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण माझा सगळा मुद्दा त्या ‘लिहिणे’ या क्रियापदाशी निगडित आहे.

ग्रामोफोनच्या तबकडीवर किंवा गाण्याच्या कॅसेटवर एकदा वाजून गेलेल्या आवाजाचा ठसा असतो. ध्वनिचिपच्या संगीतात असा ठसा मुळी नसतोच. तिथे असतात त्या आज्ञा: या क्षणी अमुक कंपनसंख्या, अमुक आकाराची लहर, इतक्या वेळात आवाज चढू दे, इतक्या वेळात उतरू दे. चिप त्या आज्ञा वाचते आणि प्रत्येक वेळी आवाज नव्याने निर्माण करते. म्हणजे रचनाकार लिहितो ती संहिता, आणि ती वाचून दाखवणारा वाचक प्रत्येक घरात वेगळा.

कमोडोर ६४ हा संगणक १९८२ साली अमेरिकेत बाजारात आला. कळफलकाच्याच पेटीत सगळे यंत्र, पडद्याऐवजी घरचा टीव्ही, साठवणीसाठी साध्या कॅसेटी, आणि ६४ किलोबाइट स्मृती. असे एक कोटीहून अधिक संगणक विकले गेले. त्यातली आवाजाची चिप ‘सिड’ या नावाने ओळखली जाते. तिचा क्रमांक ६५८१. ती १९८१ साली मॉस टेक्नॉलॉजी या कंपनीत बॉब यानेस या अभियंत्याने आखली. यानेस हा सिंथेसायझरचा शौकीन होता आणि पुढे एन्सॉनिक ही वाद्ये बनवणारी कंपनी काढणाऱ्यांपैकी एक झाला. त्या काळच्या संगणकांतल्या आवाजाच्या चिप बहुधा पीं-पीं करण्यापुरत्या असत. यानेसने मात्र अत्यंत अपुऱ्या वेळात का होईना, एक छोटे वाद्यच तयार केले.

या वाद्याला तीन कंठ होते. प्रत्येक कंठाला चार लहरींपैकी निवड करता येई: त्रिकोणी, करवती, रुंदी बदलता येणारी चौकोनी, आणि चौथा निव्वळ खरखराट. स्वराच्या जन्मापासून लयापर्यंतचे चार टप्पे (चढ, पहिला उतार, टिकाव आणि विराम) आकड्यांनी ठरवता येत. चढायला दोन मिलिसेकंदांपासून आठ सेकंदांपर्यंत वेळ देता येई. तिन्ही कंठ मिळून एक फिल्टर होता. तो आवाजातला तीक्ष्ण किंवा खर्ज भाग गाळून टाकी. हे सारे चालवण्यासाठी एकूण २९ कप्पे होते: २५ लिहिण्याचे, चार वाचण्याचे. संगणकाच्या बेसिक भाषेत संगीतासाठी एकही आज्ञा नव्हती. ‘पोक’ ही एकच क्रिया. अमुक क्रमांकाच्या कप्प्यात अमुक आकडा ठेव. कप्पे ५४२७२ या क्रमांकापासून सुरू होत. ५४२९६मध्ये १५ ठेवले की आवाज पूर्ण मोठा.

एवढ्या सामग्रीवर ब्रिटनमधील काही तरुणांनी जे केले ते आजही थक्क करते. हल शहरात जन्मलेला रॉब हबर्ड हा व्यवसायाने वादक. त्याने ‘मॉन्टी ऑन द रन’ (१९८५) सारख्या खेळांसाठी रचलेले संगीत ऐकताना वाजणारे कंठ तीनच आहेत हे सांगावे लागते. मार्टिन गॅलवेने मँचेस्टरच्या ओशन या कंपनीसाठी, बेन डॅगलिशने अँथनी लीसच्या जोडीने ‘द लास्ट निंजा’साठी (१९८७) केलेले काम याच परंपरेतले. ही मंडळी स्वरलिपीच्या कागदावर लिहीत नसत. ती आकड्यांचे तक्ते लिहीत, आणि ते तक्ते वाचणारा छोटा कार्यक्रमही स्वतःच रचत. हबर्डचा असा कार्यक्रम साधारण हजार बाइटांच्या आसपासचा. टीव्हीचे चित्र सेकंदाला ५० वेळा नव्याने रंगवले जाते; दर चित्रागणिक हा कार्यक्रम एकदा जागा होई, कप्प्यांत नवे आकडे ठेवी आणि पुन्हा खेळाला वाट मोकळी करून देई.

या एक-पन्नासांश सेकंदाच्या मात्रेतच सारी करामत होती. तीन स्वरांचा मेळ वाजवायचा, पण त्यासाठी तिन्ही कंठ खर्चायचे नाहीत, तर एकच कंठ ते तीन स्वर इतक्या झरझर आलटूनपालटून गाई की कान त्यांचा आपोआप मेळ घाली. तबल्या-ढोलासारखा आघात हवा असेल तर एका मात्रेपुरता खरखराट, लगेच पुढच्या मात्रेला चौकोनी लहर, आणि तिची कंपनसंख्या भराभर खाली. ऐकणाऱ्याला ढोल ऐकू येई. प्रत्यक्षात ढोल कुठेच नसे. छंदःशास्त्र शिकवणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. मात्रांचा हिशेब कवीने ठेवायचा आणि लय वाचकाच्या कानात घडायची, हा व्यवहार आपल्या परिचयाचा आहे.

आता पाठभेदांकडे येऊ. पहिला भेद घड्याळाचा. युरोपातील यंत्राचे घड्याळ सेकंदाला ९,८५,२४८ ठोके देई, अमेरिकेतले १०,२२,७२७. कंपनसंख्येचा आकडा या ठोक्यांच्या हिशेबाने स्वरात उतरत असल्यामुळे तोच आकडा अमेरिकेत सुमारे दोन-तृतीयांश अर्धस्वर चढा वाजे. शिवाय तिकडचा टीव्ही सेकंदाला ६० चित्रे रंगवी, म्हणून चित्राशी बांधलेले संगीत एक-पंचमांशाने जलद. हबर्डची चाल इंग्लंडमधल्या मुलाने ऐकली ती एक आणि अमेरिकेतल्या मुलाने ऐकली ती दुसरी. संहितेत मात्र एका अक्षराचाही फरक नाही.

दुसरा भेद फिल्टरचा. ६५८१मधला हा भाग अंकांवर चालणारा नसून जुन्या रेडिओसारखा, विजेच्या चढउतारावर चालणारा होता आणि कारखान्यातून निघणाऱ्या दोन चिप या बाबतीत सारख्या निघत नसत. एकाच आकड्याला एका यंत्राचा आवाज उजळ, तर दुसऱ्याचा घशात अडकल्यासारखा. रचनाकाराने आपल्या टेबलावरच्या यंत्राला कान लावून आकडा ठरवलेला. ऐकणाऱ्याच्या घरी त्याचा अर्थ निराळा लागे.

तिसरा भेद मला सर्वांत अर्थपूर्ण वाटतो. ६५८१मध्ये एक दोष होता: आवाजाची पातळी बदलली की ‘टक्’ असा ठोका ऐकू येई. रचनाकारांनी तो दोषच हाताशी धरला. पातळीचा आकडा सेकंदाला हजारो वेळा बदलत राहिले तर त्या ठोक्यांतून कोणत्याही आवाजाची लहर उभी करता येते, असे त्यांच्या ध्यानात आले आणि तीन कंठांच्या वाद्याला चौथा कंठ फुटला. गॅलवेच्या ‘अर्कनॉइड’मधले (१९८७) आघात, हबर्डच्या ‘स्केट ऑर डाय’मधली (१९८७) विजेची गिटार ही या चौथ्या कंठाची करणी. पुढे चिपची सुधारलेली आवृत्ती आली, क्रमांक ८५८०. तिच्यात फिल्टर अधिक भरवशाचा होता आणि ‘टक्’ हा दोष जवळजवळ दूर झाला होता. परिणामी नव्या यंत्रावर जुन्या रचनांतला चौथा कंठ इतका क्षीण झाला की कान देऊन ऐकावा. शुद्धीकरणात दोष गेला आणि दोषाच्या आधाराने उभा राहिलेला मजकूरही त्याच्याबरोबर गेला.

इथे मला शके १५०६ची, म्हणजे इ.स. १५८४ची आठवण होते. एकनाथांनी त्या वर्षी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तिच्यात कुणी आपली ओवी मिसळू नये असे बजावले. त्यांच्या या कामाचे ऋण शब्दांपलीकडचे आहे. ते झाले नसते तर आपल्या हाती काय उरले असते कोण जाणे. पण त्यांच्यासमोर असलेल्या अशुद्ध प्रतींत काय काय होते, कोणते रूप त्यांनी लेखकाचा प्रमाद म्हणून गाळले, आणि त्यातले एखादे तेराव्या शतकाच्या बोलीचे अस्सल रूप होते का, हे विचारायला आज जागा नाही. १९०९ साली राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून एक प्रत प्रसिद्ध केली, तिच्यामागची ओढ हीच होती. शुद्ध प्रत हाती असूनही मन अशुद्ध प्रतीच्या शोधात राहते.

सिडच्या बाबतीत ही ओढ काही हौशी मंडळींनी १९९६पासून नेटाने जपली आहे. ‘हाय व्होल्टेज सिड कलेक्शन’ या संग्रहात आज पन्नास हजारांहून अधिक रचना आहेत. खेळातून नेमका संगीताचा भाग सोडवून घ्यायचा, रचनाकार कोण ते शोधायचे, चुकीने दुसऱ्याच्या नावावर गेलेली रचना मूळ धन्याकडे परत करायची. भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना देशभरच्या पोथ्या ताडून पाहिल्या, त्या शिस्तीची ही दूरची धाकटी भावंडे म्हणावीत. या संग्रहातल्या प्रत्येक रचनेच्या प्रारंभी एक छोटी पुष्पिका असते: शीर्षक, कर्ता, आणि वर्ष व प्रकाशक, प्रत्येकी ३२ अक्षरांची जागा. पुढे या पुष्पिकेत घड्याळ कोणते आणि चिप कोणती याचीही नोंद आली. चिपच्या नोंदीला चार पर्याय आहेत: ६५८१, ८५८०, दोन्ही, आणि अज्ञात. ‘अज्ञात’ हा पर्याय अधिकृतपणे ठेवणाऱ्या माणसांविषयी माझ्या मनात आदर आहे.

मूळ यंत्रे आता थकत चालली आहेत. कमोडोर कंपनी १९९४ साली बुडाली आणि सिड बनणे केव्हाच थांबले. आज बहुतेक जण हे संगीत एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणाऱ्या आज्ञावलीवर ऐकतात. सिडची नक्कल करणारी डाग लेम याची ‘रीसिड’ ही आज्ञावली त्यांतली सर्वमान्य. जून २०१९मध्ये हल शहराच्या सिटी हॉलमध्ये याच रचना पूर्ण वाद्यवृंदाने वाजवल्या. ते झाले भाषांतर. एम्युलेटर हे लिप्यंतर म्हणता येईल, आणि लिप्यंतरातही निवड करावी लागते.

एवढी पूर्वपीठिका सांगितल्यावर आता आमच्या घरातल्या कॅसेटकडे वळते. माझे थोरले काका १९८३ ते १९८७ इंग्लंडात लेस्टर येथे एका कारखान्यात नोकरीला होते. परत येताना त्यांनी कमोडोर ६४ आणला. सांगलीच्या घरात तो माजघरातल्या टेबलावर असे. इंग्लंडातली आणि आपली टीव्हीची चित्रपद्धत एकच असल्यामुळे पडद्यावर चित्र ठीक दिसे, पण आवाजाची लहर दोन देशांत चित्रापासून निरनिराळ्या अंतरावर पाठवली जाते, त्यामुळे टीव्हीतून आवाज येत नसे. काकांनी यंत्राच्या पाठीमागच्या भोकातून एक वायर काढून ती घरातल्या टू-इन-वनला डाख देऊन जोडली. चित्र टीव्हीवर आणि आवाज टू-इन-वनमधून, अशी व्यवस्था झाली.

काका गाणारे नव्हते; भजनाला टाळ धरणारे होते. या यंत्रावर त्यांनी भूप रागातली एक चाल लिहिली. एका कंठात तंबोरा, दुसऱ्यात चाल, तिसऱ्यात खरखराटाचा ठेका. सुटीत आम्ही भावंडे सांगलीला जात असू तेव्हा पहाटे ती वाजत असे. काका १९९९ साली गेले. यंत्र माळ्यावर गेले. काकू आता ८४ वर्षांच्या आहेत, आणि दोन वर्षांपूर्वी घर आवरताना ती कॅसेट आणि काकांची एक वही सापडली तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, “अगं, ते पहाटेचं वाजेल का गं परत?”

आमच्या महाविद्यालयातील इलेक्ट्रॉनिक्सच्या एका सहकाऱ्यांनी हे काम अंगावर घेतले. यंत्र सुरू झाले, चित्र आले, पण आवाज नाही. सिड गेलेली होती. म्हणजे काकांनी ज्या चिपला कान लावून आकडे ठरवले तो वाचक कायमचा गप्प झाला होता. कॅसेट मात्र बोलली. कमोडोर ६४ बेसिकमधला कार्यक्रम कॅसेटवर ठेवताना तो लागोपाठ दोनदा लिहितो आणि परत वाचताना पहिली प्रत दुसरीशी ताडून पाहतो, ही माहिती ऐकून मी हरखून गेले. पस्तीस वर्षांत फितीचा काही भाग झिजला होता. जिथे पहिली प्रत खंडित तिथे दुसरी शाबूत, असे करत कार्यक्रम पूर्ण हाती आला. दोन पोथ्यांवरून एक संहिता सिद्ध करण्याचे काम माझ्या डोळ्यांदेखत एका दुपारात झाले.

संहितेबरोबर वही होती, आणि वहीत काकांच्या हातचे शेरे. यंत्राबरोबर मिळालेल्या पुस्तकातला स्वरांचा तक्ता त्यांनी उतरून घेतला होता. षड्जासाठी त्यांनी ४२९१ हा आकडा धरलेला. पुस्तकाच्या हिशेबाने हा पाश्चात्त्य मधला ‘सी’, २६१.६ हर्ट्झ. पण तक्ता अमेरिकी घड्याळाचा होता. इंग्लंडच्या यंत्रावर तोच आकडा २५२ हर्ट्झच्या आसपास वाजतो. पाश्चात्त्य कानाला हे बेसूर ठरेल. भूपाला त्याचे काय? षड्ज जिथे धरावा तिथे षड्ज.

गांधाराशी मात्र काका अडले होते. तक्त्यात गांधार ५४०७. त्यावर त्यांनी काट मारली आहे आणि शेजारी लिहिले आहे ५३६४. समासात एकच शब्द, ‘सव्वा’. ४२९१ची सव्वापट काढली तर ५३६३.७५ येते. शुद्ध गांधार षड्जाच्या सव्वापट असतो, आणि पेटीचा किंवा पियानोचा गांधार त्याहून किंचित चढा. सप्तकाचे बारा सारखे तुकडे पाडल्यामुळे हे घडते. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली त्या वादात हाही मुद्दा होता: पेटीचे स्वर खिळलेले, त्यांना श्रुती नाहीत, मींड नाही. सिडला असा कोणताच तक्ता ठाऊक नव्हता. तिला ० ते ६५५३५ यांतला कोणताही आकडा चाले. बारा स्वरांची चौकट पुस्तकात होती, चिपमध्ये नव्हती. तंबोऱ्याशी लावून ऐकताना काकांच्या कानाला ते ४३चे अंतर खटकले असणार. त्यांनी चौकट ओलांडली आणि समासात आपले कारण लिहून ठेवले.

यानंतरचा भाग सोपा असेल असे वाटले होते. सहकाऱ्यांनी एम्युलेटर युरोपच्या घड्याळावर लावला, चाल ध्वनिमुद्रित करून फोनवर घातली आणि आम्ही सांगलीला गेलो. काकूंनी डोळे मिटून ऐकले. “गाणं तेच आहे,” त्या म्हणाल्या, “पण असा आवाज नव्हता त्याचा. हे फार स्वच्छ आहे.” ती ८५८०ची नक्कल होती. मग ६५८१ लावली. काकांनी चालीच्या कंठाला फिल्टर लावलेला होता, त्यामुळे आवाज एकदम गडद झाला. काकू म्हणाल्या, “आता सर्दी झाल्यासारखं वाटतंय.” रीसिडमध्ये ६५८१चा फिल्टर थोडा इकडेतिकडे सरकवता येतो, कारण मूळ चिपच सारख्या नव्हत्या. सहकाऱ्यांनी लॅपटॉपवर तो सरकवत नेला. काकू कधी मान हलवत, कधी नुसत्या थांबत. शेवटी मी कोनाड्यातला टू-इन-वन उतरवला. काकांनी बसवलेली वायर अजून होती. तिला लॅपटॉप जोडला. स्पीकरचा कागद फाटलेला, त्यामुळे तंबोऱ्याच्या खर्जात एक बारीक झंकार आला. काकूंनी डोळे उघडले. “हां. जवळ आलं.”

त्यांनी ‘हेच’ म्हटले नाही. हा तपशील मी मुद्दाम नोंदवते आहे. ‘जवळ आलं’ हा एका जबाबदार संपादकाचा निर्णय होता.

पण पुढे जे झाले ते माझ्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हते. सहकाऱ्यांनी केलेले ध्वनिमुद्रण चालीची दोन आवर्तने होताच संपत असे. कार्यक्रमाला स्वतःचा शेवट नाही. अखेरच्या ओळीत पुन्हा पहिल्या ओळीकडे जाण्याची आज्ञा आहे, म्हणून कुठेतरी तोडणे भाग होते. काकूंना ते मान्य नव्हते. “असं पटकन थांबायचं नाही ते. हे चहाला उठायचे, बटण दाबायचे, तर गाणं थांबायचं आणि मागं नुसतं घुमत राहायचं. चहा होईपर्यंत. मग परत येऊन बंद करायचे.”

सहकाऱ्यांनी क्षणभर विचार केला आणि ध्वनिमुद्रण बाजूला ठेवून एम्युलेटरवर चाल सुरू केली. मध्येच कार्यक्रम थांबवण्याची कळ दाबली. चाल थांबली, ठेका थांबला. तंबोरा थांबला नाही. कारण सरळ आहे: कळ दाबल्यावर आज्ञा देणारा कार्यक्रम थांबतो, पण चिपला शेवटची आज्ञा मिळालेली असते ती ‘वाजत राहा’ अशी. तंबोऱ्याचा कंठ उघडाच राहतो. दुसरी एक कळ जोडीने दाबून यंत्र पूर्वपदावर आणेपर्यंत तो घुमत राहतो. काकूंच्या माजघरात तो घुमत राहिला. काकू उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. आम्ही दोघे तंबोरा ऐकत बसलो. थोड्या वेळाने त्या चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “आता करा बंद.”

संहिता आमच्याकडे पूर्ण होती. एकही आकडा गहाळ नव्हता. तरी हा शेवट तिच्यात वाचून सापडला नसता. तो एका माणसाच्या सवयीत होता आणि दुसऱ्या माणसाच्या स्मरणात. संहितेत त्याची शक्यता तेवढी होती. आपल्या वारकरी परंपरेत पोथी आणि संप्रदाय हे दोन्ही शब्द का लागतात, हे मला त्या दुपारी नव्याने कळले. ओवी कशी मोडायची, कुठे थांबायचे, कुठे टाळ उचलायचा, हे पोथीत लिहिलेले नसते. ते जाणणारी पिढी गेली की पोथी शाबूत राहते आणि तिचे वाचन पोरके होते. चिकित्सक आवृत्तीचा मी आदर करते, तिच्यावाचून आपण अंधारात चाचपडू. पण तिच्या साधनसूचीत प्रतींची नावे असतात, ऐकणाऱ्यांची नसतात. ऐकणाऱ्यांना विचारायला पुष्कळदा उशीर झालेला असतो. आमच्या बाबतीत तो झाला नाही, इतकेच.

या साऱ्याची आता घरापुरती एक आवृत्ती केली आहे. कार्यक्रमाची संहिता, कॅसेटवरच्या दोन्ही प्रती जशाच्या तशा, पहिलीतल्या खंडित जागांसकट, वहीच्या पानांची छायाचित्रे, तीन फिल्टरांवरची तीन ध्वनिमुद्रणे, आणि टू-इन-वनमधून केलेले चौथे. पुष्पिकेत शीर्षक ‘भूप’, घड्याळ युरोपचे, चिप ६५८१, फिल्टर अज्ञात. काटलेला ५४०७ खाली तळटीपेत आहे, वर ५३६४. एका जागी मात्र मी रूढ पद्धत सोडली. पहिल्या ओळीकडे परत जा, या शेवटच्या आज्ञेनंतर मी वेगळ्या टंकात एक ओळ जोडली आहे: ‘थांबवल्यावर तंबोरा चालू ठेवावा, चहा होईपर्यंत.’ आधार: काकूंचे मौखिक कथन. ही ओळ संहितेत हवी की परिशिष्टात, यावर यंदाच्या वर्गात दोन तट पडले आहेत आणि तास संपला तरी निकाल लागलेला नाही.